सोराबजींची ‘ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकम’: कोणाच्या हातची ऐकावी?

केळीबाग (यावल तालुका)

मंडळी, नमस्कार. फैजपूरकडचा केळीवाला आहे. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की मोटार सुरू करायची, ड्रिपचे व्हॉल्व्ह फिरवायचे आणि बांधावर बसायचं. ऑटो स्टार्टर लावलाय, पण त्याच्यावर भरवसा ठेवून घरी झोपणाऱ्यांचे घड अर्धपोटी राहिलेले मी पाहिलेत. तर अशा रात्री मला लांबलचक ऐकायला लागतं. ख्याल, धृपद, जे मिळेल ते ऐकून झालं. गावातल्या भजनी मंडळात पेटी धरतो, तबला शिकणाऱ्या पोरांना लेहरा देतो (तालाला धरून एकच धून फिरवत राहायची), एवढीच माझी संगीताची पुंजी. पाश्चात्य संगीत अलीकडेच सुरू केलं, पियानोपासून, कारण पेटीवाल्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओळखीच्या वाटतात.

शोधता शोधता सोराबजी हे नाव सापडलं आणि मी अडकलो. बाप मुंबईचा पारशी इंजिनिअर, मुलगा इंग्लंडात १८९२ साली जन्मलेला. त्याने १९३० साली एकट्या पियानोसाठी ‘ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकम’ लिहिली आणि ती चार तासांच्या वर चालते. आता माझं कोडं असं. एकाचं रेकॉर्डिंग चारेक तासांत आटपतं, दुसऱ्याचं त्याहून बरंच लांबतं. ख्यालात हे समजतं, गायकाची मर्जी. पण इथे प्रत्येक सूर कागदावर छापलेला आहे ना? मग तास-अर्ध्या तासाचा फरक पडतो कुठे? बरं, खाली लोकांची भांडणं. कोणी म्हणतो अमक्याने निम्मे सूर खाल्ले, कोणी म्हणतो तमक्याशिवाय दुसरं ऐकूच नका. यूट्यूबवर लावलं तर ऐन रंगात जाहिरात येते, तीही खताची.

कोणतं रेकॉर्डिंग घ्यावं, कुठून ऐकायला सुरुवात करावी आणि शेतात रेंज नसताना ते कसं न्यावं, एवढं कोणी सांगेल का? थोडे पैसे टाकायची तयारी आहे. केळीला काय भाव मिळाला ते मात्र विचारू नका.

धुळ्याचा_भाऊ

भाऊ, तुमनं डोकं ठिकाणवर शे ना? चार तास नुसता पियानो! आपल्याकडे वहीगायन रात्रभर चालतं, कबूल, पण त्यात गोष्ट असते, हसणं असतं, मधे चहा फिरतो. आणि हा माणूस एका बैठकीत वाजवतो की उठून पाणी पितो?

उत्तर मला ठाऊक नाही. धागा वर राहावा म्हणून लिहिलं. भुसावळच्या बाई इथे येतात कधीमधी, त्यांना कळेल असं बघा.

भुसावळच्या_बाई

आले. केळीबाग भाऊ, प्रश्न चांगला विचारलात, म्हणून जरा बसून लिहिते.

मी रेल्वे कॉलनीत वाढले. तिथल्या एका जुन्या हॉलात उभा पियानो होता, त्यावर एका अँग्लो-इंडियन बाईंनी मला शिकवलं. पुढे आयुष्यभर शाळेत ‘हीच अमुची प्रार्थना’ छापाची गाणी बसवली, पण बोटं पियानोचीच राहिली. ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकम मी वाजवू शकत नाही. पहिलं पानसुद्धा नाही. स्कोअर, म्हणजे छापील स्वरलिपी, समोर ठेवून ऐकलेली मात्र आहे, आणि जे सांगते ते त्यावरून.

आधी रेकॉर्डिंगं इतकी कमी का, ते बघा. १ डिसेंबर १९३० रोजी ग्लासगोत खुद्द सोराबजींनी ती पहिल्यांदा वाजवली. एरिक चिझम नावाच्या त्यांच्या मित्राने तिथे नव्या संगीतासाठी संस्था काढली होती, तिच्या कार्यक्रमात. पुढच्या वर्षी कर्वेन या प्रकाशकाने ती छापली, अडीचशेच्या वर पानं. अर्पण केलीय ‘दोन मित्रांना’, ह्यू मॅकडायर्मिड आणि सी. एम. ग्रीव्ह यांना. स्कॉटलंडचा एकच कवी, एक त्याचं टोपणनाव आणि एक खरं. असला खट्याळपणा या माणसात भरपूर होता.

मग १९३६ साली लंडनमध्ये जॉन टोबिन यांनी फक्त पहिला भाग वाजवला आणि तो इतका संथ की वेळ जवळजवळ दुप्पट झाली. सोराबजींनी त्यानंतर दार लावून घेतलं. माझी रचना माझ्या परवानगीशिवाय कोणी जाहीर वाजवायची नाही, आणि परवानगी मी देत नाही, असा खाक्या. सुमारे चाळीस वर्षं हे चाललं. १९७६ साली यॉन्टी सॉलोमन यांना त्यांनी होकार दिला, मायकेल हाबरमन यांनाही दिला, तेव्हा कुठे त्यांचं संगीत पुन्हा मंचावर आलं. ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकम पुन्हा अख्खी वाजवायला १९८२ साल उजाडलं. तुमच्या त्या भांडणाऱ्या मंडळींना सांगा, बेथोव्हेनच्या सोनाटांसारखी शंभर वर्षांची वाजवण्याची परंपरा इथे नाहीच. त्या वर्षी ज्याने वाजवली त्याच्यासमोर ऐकायला काही नव्हतं.

प्रकाशित झालेली पूर्ण रेकॉर्डिंगं मुख्यतः दोन माणसांची.

पहिले जेफ्री डग्लस मॅज, ऑस्ट्रेलियन. त्यांनी ११ जून १९८२ रोजी हॉलंडमधल्या उट्रेख्टला ती वाजवली, ते चार एलपींवर निघालं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये शिकागोत वाजवली, ते रेकॉर्डिंग स्वीडनच्या बिस कंपनीने १९९९ साली सीडीवर काढलं. दोन्ही मैफिलीतली, म्हणजे श्रोते समोर, थांबायची सोय नाही, पुन्हा वाजवायची सोय नाही. मॅज धावतात. काही ठिकाणी सूर निसटतात, मधले आवाज एकमेकांत मिसळतात, आणि जिथे सोराबजींनी पाच गोष्टी एकाच वेळी लिहून ठेवल्यात तिथे आपल्याला तीनच ऐकू येतात. पण या माणसाला शेवट कुठे आहे ते पहिल्या सुरापासून माहीत आहे. चार तासांच्या रचनेत ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसरे जॉन ऑग्डन. १९६२ च्या चायकोव्हस्की स्पर्धेत अश्केनाझींबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतलेले इंग्लिश वादक, समोर ठेवलेला कागद पहिल्या नजरेत वाजवण्याबद्दल प्रसिद्ध. पुढे मानसिक आजाराने त्यांची कारकीर्द मोडली. त्या आजारानंतर, १९८५-८६ मध्ये, त्यांनी स्टुडिओत हे रेकॉर्डिंग केलं. जुलै १९८८ मध्ये लंडनला जाहीर मैफिलीतही वाजवली. सोराबजी तेव्हा हयात होते, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गेले. ऑग्डन १ ऑगस्ट १९८९ रोजी वारले, वय अवघं बावन्न. ऑल्टारस या छोट्या कंपनीने संच काढला तोही १९८९ चाच. ऑग्डन संथ आहेत, सूर त्यांचेही चुकतात, फ्यूगमध्ये (एकच सुरावट, तिला विषय म्हणतात, एकामागून एक आवाज उचलत जातात ती बांधणी) कधीकधी नुसता गडगडाट होतो. पण अडाजिओ, म्हणजे संथ भाग, जसा त्यांनी वाजवलाय तसा मी दुसऱ्या कोणाचा ऐकलेला नाही.

तुमचा वेळेचा प्रश्न. सूर छापलेले आहेत, पण वेगाच्या बाबतीत सोराबजी वादकाला बरीच मोकळीक ठेवतात. आणि कागद पाहिलात तर कळेल, पियानोच्या नेहमीच्या दोन ओळींऐवजी तिथे तीन, चार ओळी एकाखाली एक. दोन हातांनी ते सगळं गाठायचं तर एक तर वेग कमी करा, नाहीतर काही सूर देवाच्या भरवशावर सोडा. ऑग्डन बहुधा पहिलं करतात, मॅज दुसरं. फरक तिथे पडतो.

माझं मत विचाराल तर पूर्ण ऐकायला मॅज, शिकागोचं. लोक म्हणतात घाई आहे. असू दे. संथ आणि अचूक वाजवलेली फ्यूग चौथ्या मिनिटाला गणित वाटायला लागते, मॅज तसं होऊ देत नाहीत.

आता सुरुवात कुठून. पहिल्यापासून नको! रचनेचे तीन भाग आणि बारा प्रकरणं आहेत. कणा म्हणजे चार फ्यूग: पहिली एका विषयाची, दुसरी दोन, तिसरी तीन, चौथी चार विषयांची. पहिल्याच रात्री पहिल्यापासून लावलंत तर दुसऱ्या फ्यूगपर्यंत तुम्ही मोटार बंद करून घरी जाल. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला ‘इंटरल्यूडियम आल्टेरम’ आहे, तिथे जा. ते एकटंच तासाच्या घरात जातं. त्यात आधी टोकाटा, नुसती बोटांची धावपळ, मग अडाजिओ, मग पासाकाग्लिया, म्हणजे एकच छोटा विषय आणि त्यावर ८१ आवर्तनं, प्रत्येक वेगळं. तुम्ही लेहरा देता म्हणालात ना? मग तुम्हाला हे सांगायलाच नको. खालची ओळ लेहऱ्यासारखी धरून ठेवा आणि वर तबलजी काय करतोय ते बघत बसा. फरक एवढाच की इथे लेहरा देणारे आणि तबला वाजवणारे हात एकाच माणसाचे आहेत, आणि मधेच लेहराच वरच्या पट्टीत निघून जातो.

हा तुकडा आधी ऑग्डनचा ऐका, मग मॅजचा. त्यानंतर शेवटची ‘कोडा स्ट्रेटा’, म्हणजे समारोप. तिथल्या शेवटच्या पानांबद्दल सोराबजींनी चिझमना पत्रात लिहिलं होतं की हार्मनी नायट्रिक ॲसिडसारखी चावते. खोटं नाही. इअरफोनचा आवाज आधीच कमी करून ठेवा.

तिसऱ्या फ्यूगला मला कंटाळा येतो, अजूनही. तुम्हाला आला तर मनाला लावून घेऊ नका, तेवढ्यात व्हॉल्व्ह फिरवून या. आणि त्याआधी जमलं तर बुसोनी या इटालियन संगीतकाराची ‘फँटसिया कॉन्ट्रापुंटिस्टिका’ ऐकून घ्या, १९१० ची, अर्ध्या तासाची. सोराबजींनी नमुना तिचाच घेतलाय. साचा कानात असला की हा वाडा इतका परका वाटत नाही.

धुळ्याचा_भाऊ

बाई, सगळं वाचलं. उठून पाणी पितात का ते राहिलं.

भुसावळच्या_बाई

तीन भाग आहेत, मधे थांबता येतं. प्या म्हणावं पाणी.

जळगावचा_साउंडवाला

बाईंच्या संगीतावर मी काय बोलणार, मी तारा जोडणारा माणूस. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घ्या.

बिस कंपनी २०२३ मध्ये ॲपलने विकत घेतली, त्यामुळे मॅजचं शिकागो स्ट्रीमिंगवर शोधताना आधी तिथे बघा. घरी वायफायवर पूर्ण डाउनलोड करा आणि शेतात जायच्या आधी फोन एरोप्लेन मोडवर टाकून एकदा वाजवून बघा. खरंच उतरलंय की नुसतं नाव दिसतंय ते तिथे कळतं. जागेचा हिशेब: ३२० केबीपीएसचं एमपीथ्री तासाला १४४ एमबी खातं, म्हणजे साडेचार तासांना साडेसहाशेच्या आसपास. सीडीचा मूळ आवाज न दाबता ठेवला तर तासाला सहाशे पस्तीस एमबी, म्हणजे सगळं मिळून पावणेतीन जीबीच्या वर. फ्लॅकमध्ये ठेवलंत तर साधारण त्याच्या निम्मं, आणि आवाजात काही जात नाही. जुन्या फोनला तेच बरं.

दुसरं, सेटिंगमध्ये ‘गॅपलेस’ चालू आहे का पाहा. ही प्रकरणं एकमेकांना चिकटलेली असतात. दोन ट्रॅकच्या मधे फोन अर्धा सेकंद गप्प बसला तर चटका बसतो. शफल बंद. हसू नका, एका गिऱ्हाइकाने अख्खा ऑपेरा शफलवर ऐकला होता आणि वर मला म्हणाला, गोष्ट लागत नाही.

तिसरं महत्त्वाचं. सातपुड्याच्या पायथ्याला रात्री दोन्ही कान बंद करून बसू नका. बिबट्याच्या बातम्या तुम्हीच वाचता. एकच इअरफोन घाला, पण मग स्टिरिओची एक बाजू जाते आणि पियानोचा अर्धा पट्टा लांब पडतो. फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ नावाचं बटण असतं, ते चालू केलं की दोन्ही बाजू एकाच कानात येतात. मैफिलीचं रेकॉर्डिंग असल्याने खोकले येतील, ते आले की तुमच्या मागे कोणी उभं नाही हे लक्षात ठेवा.

ऑग्डनच्या तबकड्या नव्या मिळणं मुश्कील आहे, जुन्या बाजारात नजर ठेवा. तोवर यूट्यूबवर स्कोअर सरकत जाणारे व्हिडिओ आहेत, ते घरी बसून पाहायला उत्तम. शेतात नको, डोळे पडद्यावर जातात.

केळीबाग (यावल तालुका)

बाई, दादा, खूप आभार. रात्रीची पाळी होती, सगळं केलं सांगितल्याप्रमाणे. आता थोडं भांडायचं आहे, चालेल ना?

पासाकाग्लिया लागलीच कानात बसली. पहिली काही आवर्तनं मी पेटीवर बोट ठेवल्यासारखी मोजत होतो, नंतर मोजणं सुटलं आणि विषय आपोआप येत राहिला. मधे एका जागी तो इतका दाट झाकलाय की गेला असं वाटतं, आणि मग तळातून वर येतो. टोकाटाला मला काही सापडलं नाही. चौथ्या फ्यूगमध्ये चार विषय एकत्र येतात म्हणे, मला दोन धरता आले.

पण ऑग्डनबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं पडतंय. तुम्ही म्हणता पूर्ण ऐकायला मॅज. मला मॅज ऐकताना सतत वाटत होतं की हा माणूस मला गाडीत बसवून सगळं गाव दाखवतोय आणि कुठेच उतरू देत नाही. ऑग्डन चुकत असतील, मला चूक कळत नाही, कारण बरोबर काय ते माहीत नाही! अडाजिओला ते एकेका सुरावर जो थांबतात, तो आपल्या विलंबिताच्या जवळचा आहे. आपल्याकडचा कान त्याच जागेवरून आत शिरतो. कदाचित तुम्ही स्कोअर पाहून ऐकता म्हणून तुम्हाला पुढे जायची ओढ लागते. मला पुढे काय आहे ते ठाऊकच नसतं.

आणखी एक. सगळीकडे ‘जगातली सर्वांत लांब पियानो रचना’ असं लिहिलेलं दिसतं. ते खरं का?

भुसावळच्या_बाई

भांडा की. तुमचं म्हणणं मला पटलं नाही, पण कारण चांगलं दिलंत. अडाजिओसाठी ऑग्डन हे मीच सांगितलं होतं, तेव्हा तेवढ्यापुरती तुमची-माझी तक्रार नाही. फ्यूगसाठी विलंबिताचा कान चालत नाही, एवढंच म्हणेन. तिथे विषय आवाजाआवाजात पळत असतो, त्याच्या मागे पळावं लागतं. चौथी फ्यूग मॅजकडून पुन्हा ऐका, या वेळी फक्त पहिला विषय धरा आणि बाकी तिघांना जाऊ द्या. दोन धरता आले म्हणताय, पहिल्या ऐकण्यात ते पुष्कळ झालं.

‘सर्वांत लांब’ हे जुनं पालुपद. एकेकाळी गिनीज बुकातही तिचं नाव होतं. पण खुद्द सोराबजींनीच नंतर याहून लांब लिहिलंय. १९४८-४९ मधली ‘सेक्वेंशिया सिक्लिका’ घ्या, ‘दिएस इरे’ या जुन्या चर्चगीतावर २७ आवर्तनं, आठ तासांच्या वर. जोनाथन पॉवेल यांनी ती वाजवली आणि २०२० मध्ये सात सीडींवर निघाली. पॉवेलनी ओपस क्लाव्हिचेंबालिस्टिकमही अनेक मैफिलींत वाजवलीय, २००३ मध्ये लंडनला, मग न्यूयॉर्कला. हा वादक ऐकाच. मॅज आणि ऑग्डन यांच्यात जे निवडावं लागतं, ते त्याच्याकडे निवडावं लागत नाही. दाट लिखाणातही आवाज सुटे ठेवतो आणि तरी थांबत नाही. सेक्वेंशियातलं एकेक आवर्तन सुटं ऐकलं तरी चालतं.

शंभर ‘ट्रान्सेंडेंटल स्टडीज’ही आहेत, १९४० ते ४४ मधल्या. स्वीडनच्या फ्रेड्रिक उलेन यांनी बिससाठी रेकॉर्ड केल्या. हे गृहस्थ मेंदूशास्त्रज्ञही आहेत. त्यातल्या कित्येक दोन-तीन मिनिटांच्या, पाळी बदलताना ऐकायला सोयीच्या.

धुळ्याचा_भाऊ

आठ तास! बाई, माझ्यासारख्याला झेपेल असं या माणसाने काहीच लिहिलं नाही का? वीस मिनिटांचं, झोपेच्या आधी ऐकण्यासारखं?

भुसावळच्या_बाई

लिहिलंय. ‘ल जार्दाँ पार्फ्युमे’, १९२३ चं, वीसेक मिनिटं, जवळजवळ सगळं हळू आवाजात. सोराबजींनी ते १९३० मध्ये रेडिओवर वाजवलं होतं तेव्हा डिलियस या इंग्लिश संगीतकाराने पत्र लिहून कौतुक केलं. यॉन्टी सॉलोमन यांचं रेकॉर्डिंग आहे, हाबरमन यांचंही. मला सॉलोमनचं जास्त आवडतं, त्यांचा डावा हात हलका आहे. ते आवडलं तर १९४० चं ‘गुलिस्तान’, सादी या फारसी कवीच्या ग्रंथावरून नाव घेतलेलं, अर्ध्या तासाच्या आसपास. तेवढं झाल्यावर मला कळवा, मग पासाकाग्लियाचं बघू.

धुळ्याचा_भाऊ

वीस मिनिटांवालं लावतो आज. अर्ध्या तासाचं पुढच्या आठवड्यात.